शेवटच्या रांगेतला दगड

"सॉरी राहू दे. जागा सांग."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर किमान पन्नास वेळा उच्चारलं असेल. कुणी पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीची वाट अडवली, कुणी लायब्ररीतला नकाशा भलत्याच खणात घातला, आणि वर "सॉरी, सो सॉरी" सुरू केलं की ते डोळे मिटून तळहात हलकेच वर करत. रागाने नाही. पाढा चुकलेल्या मुलाला जुने मास्तर थांबवायचे, तसा. मग म्हणत, "सॉरी राहू दे. ते कुठे असायला हवं होतं, ती जागा सांग."

हे सगळं अर्थात इंग्रजीत. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं. ते मला 'मिस मेडा' म्हणत, कारण 'मेधा'तला 'ध' त्यांच्या जिभेला शेवटपर्यंत सापडला नाही. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते. म्हणून इथे ते माझ्याशी 'तू' बोलतील आणि मी त्यांच्याशी 'तुम्ही'.

२००२ साली आम्ही जर्सी सिटी सोडून व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला आलो. माझा नवरा समीर याची तिकडची नोकरी गेली होती आणि इकडे एका डेटा सेंटरमध्ये मिळाली होती. माझ्या व्हिसावर मला पगार घेऊन काम करता येत नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात सहा वर्षं इतिहास शिकवलेली मी, दर मंगळवारी गावच्या लायब्ररीत जुन्या कागदपत्रांच्या खोलीत फुकट काम करू लागले. नकाशे लावणं, धूळ पुसणं, कुणी मागितलं तर काढून देणं.

तिथेच मंगळवारी दहाला ते येत. उंच, सडपातळ, कृष्णवर्णीय गृहस्थ. डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट, कानामागे पेन्सिल, खिशात एक वही. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती आणि ती सवय अंगात मुरली होती. खुर्ची मागे सरकवताना ते आधी डाव्या, मग उजव्या खांद्यावरून मागे बघत, जणू एवढ्याशा खोलीत कुणी मूल मागे उभं असेल. आम्हा लोकांना हसू यायचं. पण तुम्ही लक्ष देऊन पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, की या माणसाच्या हातून कुणाला कधी धक्का लागला नसेल.

ते एकाच जुन्या शेताचे नकाशे मागत. त्या शेतावर आता आमची नवी घरं उभी होती. ते शेत ज्याचं, त्याचं नाव आमच्या वसाहतीच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत होतं. त्याच शेतावर त्यांची पणजी गुलाम म्हणून जन्मली होती. हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं, आणि हवामान सांगावं तसं सांगितलं.

एकदा कॉलेजातली एक मुलगी प्रोजेक्टसाठी त्यांना भेटायला आली. तिने वही उघडून विचारलं, "गुलामगिरीची नुकसानभरपाई सरकारने द्यावी, असं तुम्हाला वाटतं का?"

"चेक आला तर मी वटवीन," ते म्हणाले. "मी काही मूर्ख नाही."

मुलीने ते लिहून घेतलं. मग ते तिच्याकडे झुकून म्हणाले, "पण चेकवर कुणाचं तरी नाव घालावं लागतं ना, बेबी? माझ्या पणजीच्या आईचं नाव मला माहीत नाही. ती कुठे आहे, तेवढं माहीत आहे. तेव्हा आधी तिथून सुरुवात करू या."

मुलीला त्यातलं काही लिहिता आलं नाही. मलाही तेव्हा ते नीट कळलं नव्हतं.

त्याच वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला जेवताना हा विषय निघाला. मंडळातले एक ज्येष्ठ काका गुळाची पोळी मोडत म्हणाले, "दीडशे वर्षांपूर्वीचं उकरून काढतायत. देणारे गेले, घेणारे गेले. आणि आपण तर परवा आलो यार. आपला काय संबंध?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे इथे लिहून ठेवते.

२००४च्या डिसेंबरात पुण्याला माझे वडील गेले. ग्रीन कार्डचे कागद मधे अडकले होते. देश सोडला असता तर परत येणं कठीण झालं असतं. मी गेले नाही. फोनवर भाऊ एकेक सांगत होता आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. तीन मंगळवार मी लायब्ररीत गेले नाही. चौथ्या मंगळवारी गेले तेव्हा ते नेहमीच्या खुर्चीत होते. हॅट काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "लायब्ररीवाल्या बाईंनी सांगितलं. कुठे ठेवलं त्यांना?"

"कुठे नाही," मी म्हटलं. "आम्ही ठेवत नाही. अस्थी नदीत सोडतो. भावाने आळंदीला इंद्रायणीत सोडल्या."

"मग तुला त्यांच्याशी बोलायचं झालं, तर उभी कुठे राहतेस?"

खरं सांगायचं तर असा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी वही काढली. "त्या नदीचं स्पेलिंग सांग," म्हणाले. मी एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी ते मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहून घेतलं.

मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी त्या दिवशी स्वतःचं सांगितलं. आमच्या वसाहतीमागच्या रानात गुलामांची दफनभूमी होती. नावं कोरायला त्या लोकांना परवानगी नव्हती, पैसे नव्हते आणि अक्षरओळखही नव्हती. मग ते रानातलाच एक दगड डोक्याशी उभा करत आणि भोवती पेरिविंकल लावत. ही आपल्या सदाफुलीच्या नात्यातली, निळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल. आजी त्यांना लहानपणी तिथे न्यायची. गेली चाळीस वर्षं दर वसंतात ते एकटे जाऊन पालापाचोळा काढत होते.

"आता तिथे ऑफिस येतंय आणि त्याचं पार्किंग," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे कबरी सोडून द्याव्या लागतात. मोजणीवाला आला होता. जिथे दगड दिसले तिथे त्याने रेघ मारली. पण शेवटच्या रांगेत एकच दगड होता, माझ्या पणजीच्या आईचा; बाकीचे कधीच जमिनीत गेले. तो एक आता नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी नेला. त्यामुळे ती अख्खी रांग रेघेच्या बाहेर गेली. मी सांगितलं तर म्हणतात, आठवणीवर रेघ मारता येत नाही."

"कसा होता दगड?" मी विचारलं. का विचारलं, ते मला आतून कळलं होतं.

"ढोपराएवढा. वरून तिरका." त्यांनी स्वतःचा एक खांदा खाली पाडून दाखवला. "असा. दमलेल्या बाईच्या खांद्यासारखा."

तो दगड माझ्या घरामागच्या लाकडी डेकवर होता. त्यावर तुळस होती.

अ‍ॅशबर्नला आलो त्या पहिल्या शरदात मला तुळशीखाली ठेवायला काही हवं होतं. वृंदावन नाही तर निदान एक चांगला दगड. घरामागच्या रानात तो उभा दिसला. समीरने तो उपटून डोक्यावर धरला आणि "बघ, हनुमान!" म्हणाला. मी फोटो काढला, सासूबाईंना ईमेलने पाठवला. घरी आणून दगड आडवा ठेवला, वर कुंडी ठेवली आणि रोज सकाळी हळदकुंकू वाहू लागले; थंडीत कुंडी रात्री घरात घेत असे. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की तो देव होतो. तो आधी कुणाचा असेल, असं आपल्या मनातसुद्धा येत नाही. ज्यांच्याकडे कबरीच नाहीत, त्यांना कबरीचा दगड कसा ओळखू येणार? ही सबब मी तेव्हा स्वतःला पुष्कळ वेळा दिली.

समीरला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "उद्या पहाटे नेऊन ठेवू. कुणाला कळणार आहे?"

"कुठे ठेवू? नक्की जागा आठवते तुला?"

"अंदाजे ठेवू."

"अंदाजे ठेवला तर रेघ अंदाजेच पडेल."

"मेधा, ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. कबरीतला दगड चोरला, असं कुणी फाइलवर लिहिलं तर? पाच वर्षं घालवलीत आपण. तुझ्या बाबांसाठी गेलो नाही आपण, या कागदांसाठी. आणि आता एका दगडासाठी..."

ते कागद कशाच्या मोलाने राखले होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढचा मंगळवार येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी फक्त भाजी-आमटीबद्दल बोललो.

मंगळवारी मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता सॉरी म्हणत होते, किती वेळा ते आठवत नाही. त्यांनी डोळे मिटले. या वेळी तळहात वर आला नाही. टेबलावरच राहिला.

"सॉरी राहू दे, मिस मेडा," शेवटी ते म्हणाले. "जागा सांग."

दुपारी ते घरी आले. माझी पाच वर्षांची ईशा दारातच होती. डेकवर येऊन त्यांनी हॅट काढली. दगडाकडे बघितलं. दगड लाल-पिवळा झाला होता. अडीच वर्षांचं हळदकुंकू त्याच्या भेगांत बसलं होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ईशा म्हणाली, "That's Tulsi's chair. Aai does pooja every day. Even when it's freezing."

"दररोज?"

"ज्यांना मान द्यायचा त्यांना आम्ही हे लावतो," मी म्हटलं. "मी धुऊन देते. आत्ता धुते."

त्यांनी खाली बसून दगडावर हात ठेवला. ते हसत होते की काय, मला आधी कळेना. मग कळलं, हसतच होते, डोळे पुसत. "दीडशे वर्षांत हिच्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं," ते म्हणाले. "आणि ही बाई इथे रोज सकाळी नटूनथटून बसलीय. धुऊ नकोस. पाऊस धुवेल तेव्हा धुवेल."

ईशाच्या जुन्या बाबागाडीत दगड ठेवून आम्ही रानात नेला. मला जागा आठवेना. सगळी झाडं सारखी. मी एकदा इथे म्हणाले, एकदा तिथे. ते माझ्यामागे चालत होते. मग तो फोटो आठवला. घरी धावत जाऊन छापून आणला. हनुमान झालेल्या समीरमागे सीडरचं एक बेचक्यासारखं दुभंगलेलं झाड होतं आणि झाडाच्या उजव्या बाजूला आमच्या घराच्या चिमणीचं टोक दिसत होतं. तो सीडर सापडला. चिमणीचं टोक त्याच बाजूला येईपर्यंत आम्ही मागे सरकलो. तिथे त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि पाचोळ्यात अनवाणी हळूहळू फिरू लागले. एका ठिकाणी पाय थांबला. वाकून त्यांनी पानं बाजूला केली. खाली दगडाच्या बुंध्याएवढा खळगा होता, आणि त्यात पेरिविंकलचे कोंब आले होते.

दगड तिथे ठेवला. तो बसला, दुसरं काय सांगू? ज्याने पाट्याला वरवंटा जुळताना पाहिलाय, त्याला कळेल.

पण दगड जागेवर ठेवून रेघ बदलत नाही. "कुणीही आत्ता आणून ठेवला असेल," असं ऑफिस बांधणाऱ्या कंपनीच्या वकिलाने आधीच म्हणून ठेवलं. गावच्या समितीपुढे सुनावणी होती, आणि दगड कुठून उचलला ते उचलणाऱ्यानेच सांगायला हवं होतं. मला यायला त्यांनी एकदाही सुचवलं नाही. उलट म्हणाले, "तुझे कागद अडकलेत, मला माहीत आहे. माझ्यासाठी आयुष्य अडकवू नकोस." त्यामुळे जाणं अधिकच भाग पडलं.

समीर म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो." एवढंच.

सुनावणी संध्याकाळी होती. त्यांच्या चर्चच्या म्हाताऱ्या बायका पहिल्या दोन ओळींत हॅट घालून बसल्या होत्या. मी उभी राहिले, नाव-पत्ता सांगितला, आणि म्हटलं की हा दगड मी नेला होता. पडद्यावर आमचा फोटो लावला. भिंतीएवढा समीर, डोक्यावर दगड, चेहऱ्यावर पराक्रम. सभागृहात हशा पिकला. समीरने मान खाली घातली. शेजारच्या आजीबाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

वकिलाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला दगडांतलं काही कळतं का?"

"नाही," मी म्हटलं. "कळत असतं तर उचलला नसता."

वकील खाली बसला. मग कंपनीतर्फे दुसरा एक गृहस्थ उठला. रेघ आहे तिथेच ठेवू द्यावी, त्या बदल्यात कंपनी एक पितळी पाटी आणि एक सुंदर बाक देईल, असं म्हणाला.

समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते उठले. हॅट हातात. "बाकाचं काय करू?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तिथे कुणी बसायला आलेलं नाही. सगळे झोपलेत."

पुढे अर्धा तास चर्चा झाली. मतदान झालं. सगळे हात वर गेले. अध्यक्षबाई चष्मा काढून म्हणाल्या, "सर, मोजणीत झालेल्या या चुकीबद्दल, आणि त्याआधीच्याही सगळ्याबद्दल, ही समिती अत्यंत..."

तळहात वर आला. पहिल्या दोन ओळींतल्या हॅट हलायला लागल्या. ती वाक्यं त्या बायकांना पाठ होती.

"सॉरी राहू दे, मॅम. नकाशावर जागा दाखवा."

अध्यक्षबाईंनी कारकुनाला खूण केली. तो टेबलावर नकाशा पसरून पट्टी शोधू लागला. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून त्याला दिली. सगळ्या सभेने श्वास रोखून एक रेघ पुढे सरकताना बघितली. बोटभर लांबीची रेघ. त्यात पार्किंगच्या अकरा जागा गेल्या. पुढे कितीतरी दिवस ते भेटेल त्याला सांगत, "अकरा गाड्या! माझ्या माणसांनी अकरा गाड्यांना मागे रेटलं. आणि तेही पडल्या पडल्या."

आमच्या फाइलवर कुणी काही लिहिलं नाही. ग्रीन कार्ड यायचं तेव्हा आलं.

त्यानंतरची दोन वर्षं सुखाची होती. ते कधी शनिवारी घरी येत. पोहे त्यांना आवडले, पण "हे फार सभ्य आहेत" म्हणत. एकदा मी पुढ्यात मिरचीचा ठेचा ठेवला. ते घामाघूम झाले, पाणी प्यायले, आणि "आत्ता बोलायला लागले" म्हणून पुन्हा वाढून घेतलं. ईशा त्यांना 'आजोबा' म्हणायची. तो शब्द मात्र त्यांना पहिल्याच दिवशी नीट आला.

मंडळातल्या त्या काकांनी एकदा विचारलं, "काय मिळालं गं त्या म्हाताऱ्याला शेवटी? एवढी धडपड केली."

"रांग," मी म्हटलं.

काकांना वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

२००७च्या थंडीत ते गेले. झोपेतच. चर्चच्या आवारात, बायकोशेजारी त्यांना ठेवलं. गुळगुळीत ग्रॅनाइट, त्यावर दोघांची पूर्ण नावं आणि तारखा. मी समीरबरोबर गेले होते. कबर म्हणजे काय, ते मी तिथे पहिल्यांदा उभं राहून पाहिलं. वडिलांशीही मी तिथेच थोडं बोलून घेतलं. त्यांची हरकत नसावी.

मंगळवारी ती खुर्ची रिकामी असते असं लिहिणार होते, पण तसं नाही. लायब्ररी आहे, कुणी ना कुणी बसतंच. फक्त मागे न बघता सरकवतात.

या वर्षी एप्रिलमध्ये रानातून माणसांचे आवाज आले. खिडकीतून बघितलं तर चर्चची दहा-बारा माणसं साफसफाई करत होती. कुंपणापलीकडे ऑफिसच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. मी चपला घालून मागे गेले, आणि फाटकाशी थबकले. पेरिविंकलला फुलं आली होती. सुनावणीला न आलेली, मला न ओळखणारी एक अगदी वयस्क बाई तिथे कामं वाटून देत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुझं कोण आहे इथे?" तिने विचारलं.

मी त्यांचं नाव सांगितलं.

"तो इथे नाही, बेबी. तो चर्चमध्ये आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मग तिने आपल्या हातातलं दाताळं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "मग त्या टोकापासून धर. मुळं सांभाळ."